अमक्याचं वॉटर्लू झालं म्हणजे नेमकं काय झालं?

कुठल्याही निवडणुकीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक तरी मथळा असतोच, अमक्याचं 'वॉटर्लू' झालं. असंच एक कात्रण कुणीतरी आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकलं तर मावशीने विचारलं, हे वॉटर्लू म्हणजे काय रे, आणि लंडनला असलेल्या भाच्याने लगेच ठोकून दिलं की स्टेशन आहे, माझी रोजची लोकल तिथूनच सुटते. तसं त्याचं चूक नाही. स्टेशनला नाव मिळालं जवळच्या पुलावरनं, पुलाला लढाईवरनं, लढाईला बेल्जियममधल्या एका गावावरनं, आणि गंमत म्हणजे त्या गावात लढाई झालीच नाही, ती झाली तिथून चार-पाच किलोमीटर दक्षिणेला. त्यावर येतो शेवटी.

आपल्याकडे जसं 'पानिपत झालं' म्हणतात तसंच इंग्रज 'वॉटर्लू' म्हणतात, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण मला नेहमी वाटतं की आपण हा शब्द अर्धवट वापरतो. वॉटर्लू म्हणजे नुसता दणदणीत पराभव नाही. दोन विरोधकांची मतं फुटलेलीच राहावीत म्हणून एका माणसाने सगळा डाव मांडला आणि ती मतं संध्याकाळी साडेचारला एकत्र पडायला लागली, असा तो प्रकार आहे. निवडणूक कळते त्याला वॉटर्लू कळायला काहीच हरकत नाही.

आधी माणसं ओळखून घेऊ

नेपोलियन बोनापार्ट, फ्रान्सचा सम्राट, पंधरा-वीस वर्षं अख्ख्या युरोपला पुरून उरलेला माणूस. १८१४ मध्ये सगळ्यांनी मिळून त्याला हरवलं आणि एल्बा नावाच्या छोट्या बेटावर नेऊन ठेवलं. तिथून तो फेब्रुवारी १८१५ च्या शेवटी सटकला, १ मार्चला फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरला, त्याला पकडायला पाठवलेले सैनिकच त्याला सामील झाले, आणि २० मार्चला तो पॅरिसमध्ये परत राजवाड्यात. राजा आधीच पळाला होता.

तेव्हा बाकीचे राजे आणि मंत्री व्हिएन्नामध्ये बसून युरोपचा नकाशा वाटून घेत होते, आपसात भांडतही होते, पण ही बातमी आल्यावर सगळे एकदम गप. ब्रिटन, रशिया, ऑस्ट्रिया आणि प्रशिया (आजच्या जर्मनीतलं तेव्हाचं सगळ्यात लढाऊ राज्य) या चौघांनी प्रत्येकी दीड लाख माणूस उभा करायचं ठरवलं. म्हणजे सहा लाख. एका माणसाविरुद्ध!

या चौघांपैकी जवळ होते दोनच. बेल्जियममध्ये एक फौज ब्रिटनच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनची आणि दुसरी प्रशियाच्या ब्ल्यूखरची. वेलिंग्टन नेपोलियनच्याच वयाचा, दोघंही १७६९ चे. ब्ल्यूखर बहात्तर वर्षांचा म्हातारा, तापट, डोक्याने फार चलाख असं कुणी म्हणत नसे, पण शब्दाचा पक्का. हे शेवटचं लक्षात ठेवा.

डाव: दोघांना भेटूच द्यायचं नाही

नेपोलियनचं गणित सोपं होतं. त्याच्याकडे साधारण सव्वा लाख माणूस. वेलिंग्टन आणि ब्ल्यूखर मिळून दोन लाखांच्या वर. एकत्र आले तर खेळ खलास, पण वेगवेगळे गाठले तर प्रत्येकापेक्षा आपण भारी. तिरंगी लढतीत पस्तीस टक्क्यांवर सीट निघते ना, तसं. मग रशिया-ऑस्ट्रियाचे लोक जुलैमध्ये सीमेवर पोचायच्या आत हे दोघे उडवायचे, की बाकीचे आपोआप बोलणीला बसतील असा हिशोब.

मग त्याने काय केलं, तर दोन्ही फौजांच्या मधल्या सांध्यातच पाचर मारली. १५ जूनला शार्लरॉय गावाजवळ नदी ओलांडून आत घुसला, इतक्या चटकन की वेलिंग्टन त्या रात्री ब्रसेल्समध्ये एका सरदारीणबाईंच्या नाचाच्या पार्टीत होता आणि तिथेच त्याला बातम्या मिळत गेल्या. काही ऑफिसर पार्टीच्या कपड्यांतच लढायला गेले असं सांगतात.

वीस हजार माणसं दिवसभर नुसती चालली

१६ जूनला एकाच दिवशी दोन लढाया झाल्या, एकमेकींपासून दहा-एक किलोमीटरवर. लिन्यीला नेपोलियनने ब्ल्यूखरला हरवलं. कात्र-ब्रा नावाच्या चौफुलीवर मार्शल ने वेलिंग्टनशी लढत होता. (याचं नाव खरंच 'ने' आहे, तृतीयेचा प्रत्यय नाही. 'नेने हल्ला केला' असं लिहिलं की कोकणातलं कुणीतरी लढायला गेल्यासारखं वाटतं, त्यामुळे पुढे प्रत्येक वेळी मार्शल ने असंच लिहितो.)

आता इथे एक असा घोळ झाला की वाचताना डोक्याला हात लागतो. देर्लों नावाच्या सेनापतीकडे वीस हजार माणसांची तुकडी होती, ती कात्र-ब्राकडे निघाली, वाटेत नेपोलियनच्या नावाने हुकूम आला म्हणून लिन्यीकडे वळली, तिथे जवळजवळ पोचली तर मार्शल ने याचा संतापलेला निरोप आला की परत फिरा, ती परत फिरली, आणि कात्र-ब्राला पोचेपर्यंत अंधार. वीस हजार लोक दोन लढायांच्या मध्ये दिवसभर येरझाऱ्या घालत राहिले आणि एकाही लढाईत कामाला आले नाहीत. कुठल्याही ऑफिसात दोन बॉस एकाच माणसाला वेगवेगळी कामं सांगतात तेव्हा हेच होतं, फक्त तिथे माणसं मरत नाहीत.

देर्लों लिन्यीला तुटून पडला असता तर ब्ल्यूखरची फौज तिथेच संपली असती. ती हरली पण संपली नाही. खुद्द ब्ल्यूखर घोड्याखाली सापडला, फ्रेंच घोडेस्वार त्याच्या अंगाजवळून दौडत गेले, अंधारात कुणी ओळखला नाही म्हणून वाचला. तो बेपत्ता असताना त्याचा प्रमुख सहकारी ग्नायझेनाऊ याने निर्णय घेतला, माघार घ्यायची पण पूर्वेला आपल्या देशाच्या वाटेने नाही, उत्तरेला वाव्र गावाकडे. म्हणजे वेलिंग्टनपासून लांब जायचं नाही. माझ्या मते वॉटर्लूची लढाई इथेच अर्धी जिंकली गेली, वॉटर्लूच्या दोन दिवस आधी, रात्री, एका हरलेल्या फौजेत.

आणि नेपोलियनची समजूत? प्रशियन पूर्वेला घरी पळाले. त्याने मार्शल ग्रूशीला तेहतीस हजार माणसं देऊन त्यांच्या मागावर पाठवलं आणि स्वतः वेलिंग्टनकडे वळला.

चिखल, आणि बॉलला टप्पा न मिळणं

१७ जूनला वेलिंग्टन मागे सरकून माँ-सँ-जाँ नावाच्या टेकाडावर येऊन थांबला. त्या दुपारी सुरू झालेला पाऊस रात्रभर पडला. राय नावाच्या धान्याची माणसाच्या खांद्याएवढी उभी पिकं, खाली चिकट माती, त्यात दोन्हीकडची माणसं भिजत झोपली. मराठवाड्यात काळ्या रानातनं पावसात चालून बघितलंय त्याला जास्त सांगायला नको, चपलेला किलोभर माती लागते आणि शेवटी चप्पल हातात घ्यावी लागते.

१८ जून, रविवार. नेपोलियनकडे साधारण ७३ हजार माणसं, अडीचशेच्या आसपास तोफा. वेलिंग्टनकडे ६८ हजार, तोफा दीडशेच्या वर. उन्हाळ्यात तिकडे पहाटेच उजाडतं, पण लढाई सुरू झाली साडेअकराच्या सुमाराला. का? एकतर तोफा चिखलातनं हलवता येईनात, मागची माणसं अजून पोचत होती. आणि दुसरं म्हणजे तोफेचा गोळा. तेव्हाचा गोळा म्हणजे भरीव लोखंडी चेंडू, तो फुटत नसे. तो जमिनीवर टप्पे घेत रांगेच्या रांग कापत जायचा, चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत जातो तसा. ओल्या मैदानावर टेनिस बॉलने क्रिकेट खेळलेल्यांना माहितीय, टप्पा पडला की बॉल तिथेच बसतो. नेपोलियन स्वतः तोफखान्यातला, त्याला हे चांगलं माहीत होतं, म्हणून तो जमीन वाळायची वाट बघत बसला.

लोक म्हणतात इथेच तो चुकला. मला ते तितकं पटत नाही. प्रशियन येणार हेच त्याला माहीत नव्हतं, मग दोन-तीन तास थांबण्यात त्याच्या दृष्टीने तोटा काय? उलट सकाळी नाश्त्याच्या वेळी तो आपल्या सेनापतींना म्हणाल्याची नोंद आहे, की वेलिंग्टन वाईट सेनापती आहे आणि हे सगळं प्रकरण नाश्ता उरकण्याइतकं सोपं. चूक वाट बघण्यात नव्हती, चूक परवाच्या लढाईत हरलेल्याला कायमचा हरलेला समजण्यात होती.

गढीचं दार

वेलिंग्टनची खासियत अशी की तो फौज टेकाडाच्या माथ्यावर मांडून दाखवायचा नाही, मागच्या उतारावर आडोशाला ठेवायचा, लोकांना आडवं झोपायला सांगायचा. समोरून बघणाऱ्याला टेकाड रिकामंच वाटतं, गोळेही डोक्यावरून जातात. आणि टेकाडाच्या पुढे दोन पक्के ठिकाणं त्याने धरून ठेवली होती. उजवीकडे ऊगूमाँ, आपल्याकडच्या एखाद्या जुन्या गढीसारखं, भिंती, अंगण, बाग सगळं असलेलं. मधोमध ला-ए-सँत नावाचा शेतवाडा.

लढाईची सुरुवात ऊगूमाँवरच्या हल्ल्याने झाली, नेपोलियनचा भाऊ जेरोम त्यात होता. एका क्षणी कुऱ्हाडीने उत्तरेचं दार फोडून तीस-चाळीस फ्रेंच आत घुसले. बाहेर त्यांच्यामागे अजून शेकडो. तेव्हा मॅक्डोनेल नावाचा एक धिप्पाड स्कॉटिश ऑफिसर आणि आणखी काही जणांनी खांदे लावून ते दार परत बंद केलं, अडसर टाकला, आणि आत अडकलेल्यांना मारलं, वाचला फक्त एक ढोल वाजवणारा पोरगा. लढाया म्हणजे मोठमोठे डावपेच वगैरे ठीक आहे, पण एका टप्प्यावर सगळं येऊन थांबतं ते दहा माणसांच्या खांद्यांवर आणि एका लाकडी दारावर. ऊगूमाँ दिवसभर पडलं नाही, आणि ते घ्यायच्या नादात फ्रेंचांची भरपूर माणसं तिथेच गुंतून पडली.

दुपारी दीडच्या पुढे देर्लोंची तीच ती तुकडी (परवा नुसती चाललेली) मधल्या भागावर चढून आली, ब्रिटिश घोडदळाने तिला उधळून लावलं, मग तेच घोडदळ जोशात फार पुढे गेलं आणि स्वतः कापलं गेलं. बरोबरी.

घोडे आणि चौकोन

चारच्या सुमारास मार्शल ने याने हजारो घोडेस्वार घेऊन हल्ले सुरू केले, एकामागून एक. समोरच्या पायदळाने काय केलं तर चौकोन केले. चौकोन म्हणजे काय ते एकदा समजून घेऊ. तेव्हाच्या बंदुका ठासणीच्या, म्हणजे नळीत वरून दारू आणि गोळी ठासून भरायची, सराईत माणूस मिनिटाला दोन-तीन बार काढणार, नेम शंभर मीटरच्या पुढे रामभरोसे. असा माणूस एकटा सापडला तर घोडेस्वाराला तो म्हणजे कापणीला आलेलं कणीस. म्हणून पाचेकशे माणसं चारी बाजूंना तोंड करून रिकामा चौकोन करायची, पुढची रांग गुडघ्यावर, संगिनी बाहेर. घोडा धावत येतो पण टोकदार संगिनींच्या भिंतीवर तो स्वतःला झोकत नाही, कितीही टाच मारा, बाजूने वळतो. प्राण्याला अक्कल असते.

चौकोन मोडायचा तर घोड्यांबरोबर पायदळ आणि तोफा हव्यात, कारण दाटीने उभे राहिलेले चौकोन तोफेला आयते मिळतात. मार्शल ने याने घोडेच पाठवले, बाकी फारसं काही नाही. घोडेस्वार ब्रिटिश तोफांच्या जागेपर्यंत पोचले, तोफा रिकाम्या सोडून गोलंदाज चौकोनात पळालेले, पण त्या तोफांच्या कानात, म्हणजे बत्ती द्यायच्या भोकात, खिळे ठोकून त्या निकामी कराव्यात हे कुणी केलं नाही. घोडे मागे गेले की गोलंदाज परत येऊन तेच तोफगोळे त्यांच्या पाठीवर. असं किती वेळा झालं ते मोजणाऱ्यांचेही आकडे जुळत नाहीत.

साडेचार वाजता पूर्वेकडून

आता वाव्रकडे बघा. लढाईच्या जागेपासून पंधरा-एक किलोमीटर. सपाट डांबरी रस्त्यावर तीन तासांची वाट. पण सकाळी वाव्रच्या गल्लीत आग लागली, फौज तिथेच तुंबली, पुढे लान नावाच्या ओढ्याच्या खोऱ्यात चढ-उतार, चिखल, तोफांची चाकं आसापर्यंत रुतलेली. ब्ल्यूखर दोन दिवसांपूर्वी घोड्याखाली चेंगरलेला, अंगाला औषधं चोपडलेली, तरी घोड्यावर, लोकांना ओरडतोय की मी वेलिंग्टनला शब्द दिलाय, मला खोटं पाडणार का तुम्ही?

साडेचारच्या सुमाराला त्याच्या पहिल्या तुकड्या नेपोलियनच्या उजव्या कुशीला, प्लाँसन्वा गावापाशी येऊन भिडल्या. नेपोलियनला आपली राखीव माणसं तिकडे वळवावी लागली, आधी लोबोची फौज, मग यंग गार्ड, मग ओल्ड गार्डचेही लोक. गार्ड म्हणजे सम्राटाची खास निवडलेली, शेवटच्या घावासाठी राखून ठेवायची माणसं.

आणि ऐन याच वेळी मध्यभागी फट पडली. ला-ए-सँतमध्ये मेजर बेरिंगचे जर्मन जवान, त्यांच्या रायफलला वेगळी गोळी लागायची, ती संपली, निरोपामागून निरोप गेले, गोळ्या आल्याच नाहीत. सहाच्या सुमारास वाडा फ्रेंचांच्या हातात गेला. सुरुवातीला बेरिंगकडे चारशेच्या आसपास जण होते, शेवटी हाताशी बेचाळीस. मार्शल ने याला दिसलं की आता अजून थोडं पायदळ मिळालं की वेलिंग्टनचा मधला भाग फुटतो. त्याने माणसं मागितली. नेपोलियनचं उत्तर प्रसिद्ध आहे, माणसं कुठून आणू, तयार करू का?

माणसं प्लाँसन्वाला होती. अख्ख्या वॉटर्लूचं उत्तर एवढंच आहे.

साडेसातच्या सुमाराला त्याने उरलेलं गार्ड टेकाडावर पाठवलं, काही हजार माणसं. वर पोचल्यावर पिकात झोपलेले ब्रिटिश गार्ड्स एकदम उठून उभे राहिले आणि अगदी जवळून बार काढले, बाजूनेही मारा झाला, आणि कधीच मागे न हटलेलं गार्ड हटलं. त्याच वेळी प्रशियनांची आणखी एक तुकडी कोपऱ्यातून घुसली. फ्रेंच फौजेत 'गार्ड मागे येतंय' ही ओरड पसरली आणि मग कुणी कुणाचं राहिलं नाही. तिन्ही फौजा धरून चाळीस हजारांच्या वर माणसं त्या दिवशी मेली किंवा जखमी झाली, तेही जेमतेम पाच किलोमीटरच्या पट्ट्यात.

पण ग्रूशी आला असता तर?

हा प्रश्न हमखास येतो. ग्रूशी तेव्हा वालँ गावात एका वकिलाच्या घरी दुपारी स्ट्रॉबेरी खात बसला होता असं सांगतात, लांबून तोफा ऐकू आल्या, हाताखालचा सेनापती म्हणाला आवाजाच्या दिशेने चला, ग्रूशी म्हणाला मला हुकूम प्रशियनांच्या मागे जायचा आहे. बिचाऱ्याची स्ट्रॉबेरी दोनशे वर्षं निघतेय. पण तो निघाला असता तरी वीस किलोमीटरच्या वर चिखल तुडवायचा होता आणि मध्ये प्रशियन होतेच. हुकूमही संदिग्ध होते. नेपोलियनचा हुकूम लिहिणारा नेहमीचा माणूस बेर्तिये त्याच महिन्याच्या १ तारखेला खिडकीतून पडून मेला होता, आणि नवीन माणसाला ते काम तसं जमत नव्हतं.

जिंकला असता तरी शेवटी हरलाच असता ना?

बहुधा हो. रशिया आणि ऑस्ट्रियाच्या फौजा वाटेत होत्या. आणि युरोपच्या वाटणीच्या करारावर व्हिएन्नामध्ये सह्या झाल्या होत्या ९ जूनला, म्हणजे लढाईच्या नऊ दिवस आधी. त्यामुळे वॉटर्लूने नकाशा बनवला नाही, तो आधीच काढलेला नकाशा राहू दिला. त्यानंतर सगळ्या मोठ्या सत्ता एकदम भिडल्या असं युद्ध १९१४ पर्यंत झालं नाही. नेपोलियनने २२ जूनला राजीनामा दिला, यावेळी बेट जवळचं नाही, थेट दक्षिण अटलांटिकमधलं सेंट हेलेना, तिथेच १८२१ मध्ये वारला.

यात आपला काही संबंध?

आहे एक. वेलिंग्टन लढाई शिकला तो आपल्याकडे. तेव्हा नुसता आर्थर वेलस्ली, गव्हर्नर जनरलचा भाऊ. २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईला त्याने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी सामना केला. केळना नदीला उतार (म्हणजे पात्रातून पार व्हायची उथळ जागा) नाही असं वाटाडे सांगत होते, याने बघितलं की दोन काठांवर दोन गावं समोरासमोर आहेत, म्हणजे ये-जा असणार, म्हणजे उतार असणारच, आणि होता. शिंद्यांच्या कवायती कंपूंचा कारभार तेव्हा पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या जर्मनाकडे होता, आणि बारा वर्षांनी वॉटर्लूला वेलिंग्टनच्याच फौजेत हजारो हॅनोव्हरवाले लढले. त्याच्या ६८ हजारांत ब्रिटिश होते जेमतेम पंचवीस हजार, बाकी डच, बेल्जियन आणि नाना जातीचे जर्मन. म्हातारपणी त्याला विचारलं की तुमची सगळ्यात चांगली लढाई कुठली, तर तो वॉटर्लू म्हणाला नाही, असई म्हणाला. नेपोलियन म्हणे त्याला 'सिपायांचा जनरल' म्हणून हिणवायचा.

मग श्रेय कुणाचं?

रात्री नऊच्या सुमारास वेलिंग्टन आणि ब्ल्यूखर भेटले, रणांगणाच्या मधोमध असलेल्या एका खानावळीजवळ. तिचं नाव ला बेल आलियाँस. शब्दशः अर्थ, सुंदर युती. ब्ल्यूखरचं म्हणणं पडलं की लढाईला हेच नाव द्यावं, आणि जर्मनांनी दिलंही, बर्लिनमधल्या एका चौकाला ते नाव शंभर वर्षांहून जास्त होतं. वेलिंग्टन मात्र परत आपल्या मुक्कामाच्या गावी गेला आणि लंडनला जो रिपोर्ट पाठवला त्यावर त्या गावाचं नाव टाकलं. गावाचं नाव वॉटर्लू.

मावशीला मी एवढंच टाईप केलं, की पेपरवाल्यांनी ब्ल्यूखरचं ऐकलं असतं तर निकालाच्या दिवशी हरणाऱ्याबद्दल मथळा आला असता, अमक्याची सुंदर युती झाली. तिने हसायचा इमोजी टाकला आणि विचारलं, पण म्हाताऱ्याच्या अंगाला कुठलं औषध लावलं होतं रे?